आभाळातले परके टाके

आमचं दूध संकलन केंद्र आहे, कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठच्या एका गावात. हे पलटणीत होते तेव्हापासून ते मीच चालवते. पाणी घातलेलं दूध मशीनच्या आधी मला माणसाच्या तोंडावरून कळतं. किटली ठेवताना तो नको तेवढं बोलतो. म्हशीची तब्येत सांगतो, पावसाचं काढतो. म्हणून सांगलीच्या डॉक्टरांनी माझा रिपोर्ट हातात धरून आधी आमच्या गावाकडच्या पावसाचं विचारलं आणि मग ह्यांच्या पलटणीचं विचारलं, तेव्हाच मी ओळखलं की किटलीत काहीतरी आहे.

मग ते म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाहेर वजन करून घ्या. मी साहेबांशी बोलतो."

माझं वजन तासाभरापूर्वीच झालं होतं.

मी बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले. हे लिहितेय ते त्या बाकड्यावर बसवलेल्या बायकांसाठी. आजाराची माहिती डॉक्टर देतील. मी फक्त बाकड्यावरून काय काय दिसतं ते सांगणार आहे.

हे बाहेर आले. "गाठ हाय. कॅन्सरची हाय. पर लवकर सापडलीया, औषधानं बारीक करायची आन् मग ऑपरेशन." पहिली दोन वाक्यं त्यांनी माझ्याकडे बघून म्हटली आणि तिसरं बुटाकडे बघून. तेव्हापासून मी ह्यांच्या नजरेवर पाळत ठेवली.

कापड

आजाराच्या कितीतरी आधीपासून माझं एक काम चालू होतं. कासच्या पठाराचं चित्र, मॅटीच्या कापडावर, क्रॉस स्टिचमध्ये. मुलगी प्राजू कॉलेजात असताना आम्ही सगळे कासला गेलो होतो. तिनं काढलेला फोटो तिनंच कॉम्प्युटरवर चौकटींचा तक्ता करून दिला. एक चौकट म्हणजे एक फुली. खाली जांभळी फुलं, मध्ये हिरवं, मागे डोंगराची रेघ आणि वर आभाळ.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटतं की त्यात चिकाटी लागते. चिकाटीपेक्षा जास्त संशय लागतो. एक घर चुकलं की पुढचं सगळं चुकतं, आणि ते लगेच कळत नाही. माझा डोंगर एका घरानं सरकला होता. ते कळलं तेव्हा अर्धा डोंगर भरून झाला होता. उसवला. नंतर केंद्रात नवं मशीन आलं, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, प्राजू नोकरीला पुण्याला गेली, आणि कापड कपाटात पडून राहिलं. परत काढलं तेव्हा फुलं आणि डोंगर झालेले होते. आभाळ राहिलं होतं. आभाळ म्हणजे नुसता एकच निळा रंग, ओळीमागून ओळ. त्याला तक्ताही लागत नाही. म्हणूनच ते कंटाळवाणं.

केमोला जाताना मी तेच पिशवीत घातलं. रिकामं बसायची मला सवय नाही.

पलंग आणि स्टूल

दर तीन आठवड्यांनी आम्ही आदल्या संध्याकाळी सांगलीला जायचो. मुक्काम वन्संकडे, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीकडे. पेठ नाक्यावरून आत वळलं की गाडी इतकी आदळायची की केमोच्या आधीच मळमळ सुरू. सकाळी हॉस्पिटलात एक लांब खोली, ओळीनं पलंग, प्रत्येक पलंगापाशी एक स्टूल. पलंगावर बाई आणि स्टुलावर तिचा माणूस. सलाईनमधून लालभडक औषध जायचं.

शेजारच्या पलंगावर बायडाअक्का असायच्या, आटपाडीकडच्या. आमचं दोघींचं औषध एकाच दिवशी सुरू झालं होतं. आयुष्य मेंढरांमागे गेलेलं, आवाज माळावरचा. खोलीत त्या कुजबुजल्या तरी दारातल्या वॉचमनला ऐकू जायचं.

"काय शिवताय वो बाई? गोधडी हाय का?"

"नाही. चित्र आहे. आभाळ भरतेय."

"एवढ्या बारीक टाक्यानं? कवा भरायचं ह्ये आभाळ? आमच्याकडं तर भरून आलं तरी पडत न्हाई."

मला त्या बाई आवडल्या. त्या माझ्यासारख्याच होत्या, कुणावर विश्वास नाही. नर्स बाटली बदलायला आली की त्या बाटलीवरचं नाव पोराला वाचून दाखवायला लावायच्या. "माजंच हाय न्हवं ह्ये? का त्या पलीकडच्या बाईचं?"

केस गेले, चव गेली, ते सगळ्यांचंच जातं. माझं म्हणाल तर ताकातल्या भाकरीनं तारलं. बाकी काही गळ्याखाली उतरत नसे. केंद्रावर चुलत दिराला बसवलं होतं. तो दुधाचं फॅट नीट लावतो की नाही ही चिंता मला गाठीपेक्षा जास्त छळायची, आणि ती बरी होती. तिच्यात डोकं गुंतून राहायचं.

तीन गोष्टी

मग तीन गोष्टी झाल्या.

पहिली: एकदा माझं औषध लाल आलंच नाही. पांढरं आलं, पाण्यासारखं. शेजारी बायडाअक्कांना लालच. मी ह्यांना विचारलं. "फुडचं औषध हाय. सगळ्यांना देत्यात." नजर बुटाकडे.

दुसरी: प्राजू सुट्टी काढून आली आणि कापड हातात घेऊन म्हणाली, "आई, आहे तेवढंच फ्रेम करून घेऊया का गं? आभाळ कोरं ठेवलं तरी छान दिसेल." ही मुलगी लहानपणी माझी एक ओळ राहिली तरी मला टोचून बोलायची. आता तिला अर्धवट छान दिसायला लागलं?

तिसरी: माझ्या आभाळात परके टाके सापडले.

पहिल्यांदा वाटलं की रंगाचा फरक आहे. आभाळाचा एक पट्टा तिरकं बघितलं की वेगळा चमकायचा. मी कराडच्या दुकानदाराला शिव्या घातल्या. एकाच नंबरची लडी असली तरी दुसऱ्या खेपेची आली तर रंगात फरक पडतो, हे त्याला माहीत असून त्यानं मला दिली, असा माझा ग्रह. फोनवर तो बिचारा शपथा घेत होता. मग दुपारी अंगणात उन्हात कापड धरून नीट बघितलं. रंग तोच होता. कल वेगळा होता.

फुली दोन तिरक्या टाक्यांची असते. त्यातला वरचा टाका सगळ्या कापडात एकाच बाजूला कललेला हवा, नाहीतर उजेड वेगळा पडतो. माझा वरचा टाका उजवीकडे झुकतो, पहिल्यापासून. ह्या पट्ट्यात तो डावीकडे झुकलेला होता. मी झोपेतसुद्धा तसा टाका घालणार नाही.

म्हणजे माझ्या कापडात कुणीतरी लपून भर घालत होतं.

आता तुम्ही म्हणाल, बरंच आहे की, कुणी मदत करतंय. पण त्या दिवसांत मी असा विचार करत नव्हते. कुणाला तरी माझं आभाळ घाईनं संपवायचं होतं, तेही मला न सांगता. औषध बदललं. मुलगी म्हणते फ्रेम करूया. आणि कुणीतरी चोरून आभाळ भरतंय. तिन्हीची बेरीज एकच निघत होती. मी ते संपवीन असं ह्या लोकांना वाटत नाही. त्यांना काहीतरी माहीत आहे, आणि मी बाकड्यावर आहे.

तपास

माझा पहिला संशय वन्संवर. त्यांचं क्रोशाचं काम सांगलीत नावाजलेलं, आणि पिशवी रात्री त्यांच्याच हॉलमध्ये असायची. शिवाय त्या हल्ली माझ्याशी फार गोड बोलायच्या. वन्सं आणि गोड!

पुढच्या मुक्कामाला मी पिशवी उशाशी घेऊन कडी लावून झोपले. सकाळी कापड तपासलं, जसंच्या तसं. हॉस्पिटलात गेलो, औषध चढलं. ह्या पांढऱ्या औषधाआधी एक इंजेक्शन देतात, त्यानं गाढ डोळा लागतो. घरी येऊन बघते तो दोन ओळी वाढलेल्या.

वन्सं सुटल्या. चोर खोलीत होता.

पुढच्या वेळी मी बायडाअक्कांनाच विचारलं, "अक्का, मी झोपल्यावर माझ्या कापडाला कोण हात लावतं?"

"मी न्हवं बया! ह्यो हात बगा." त्यांनी खुरप्यासारखी बोटं पसरली. "ह्या हातात सुई दिली तर सुईच घाबरंल." आणि मग त्या उगाच छताकडे बघायला लागल्या. मेंढरं राखलेल्या बाईला छतात काय दिसणार?

त्यात माझी बोटं बधिर व्हायला लागली होती. त्या औषधानं होतं तसं. सुई टोचली तरी कळत नसे. कापडावर रक्ताचा ठिपका दिसला की कळायचं. एकेका टाक्याला मला चार टाक्यांचा वेळ लागायला लागला. माझं काम थांबत आलं आणि परक्याचं चालूच. ह्यानं माझा संताप जास्तच झाला.

त्याच दिवशी, इंजेक्शनची वाट बघत पडले होते. हे स्टुलावर बसून माझ्यासाठी मोसंबं सोलत होते. खिडकीकडे तोंड, माझ्याकडे पाठ. सुरी डाव्या हातात होती.

ह्यांचं जेवण उजव्या हातानं, सही उजव्या हातानं, सलाम उजव्या हातानं. लहानपणी सासूबाईंनी डाव्या हातावर उलथनं मारमारून तो मागे सारला, उरलासुरला पलटणीनं सारला. पाहुण्यांत कुणाला विचारा, पलटणीतून सुभेदार होऊन आलेला हा माणूस डावरा आहे हे कुणी मान्य करणार नाही. पण बघणारं कुणी नसलं की सुरी, कात्री, सुई आपोआप डावीकडे जाते. शर्टाची बटणं हे स्वतः लावतात, पलटणीत मिळालेल्या सुईदोऱ्याच्या पुडीतल्या सुईनं. इतकी वर्षं मी ते बघत होते आणि मला ते आठवलं नाही. डावीकडे झुकणारा टाका डाव्या हाताचा असतो, पण घरात डावरं कोण, असा विचार करताना मी ह्यांना धरलंच नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "आभाळ किती राहिलं?"

मोसंब्याची फोड हातात तशीच. "कसलं आभाळ?"

पलीकडून माळावरचा आवाज आला. "घावला रं बाबा सुभेदार! मी काय बी सांगितलं न्हाई हां."

हिशेब चुकता

टाक्यांचं नंतर, मी म्हटलं. आधी सांगा, माझं लाल औषध का बंद केलं?

हे पुन्हा बुटाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "वर बघून सांगा."

वर बघायला त्यांना वेळ लागला. "त्या औषधानं गाठ बारीक झाली न्हाई. जरा मोठीच झाली. म्हून बदललं. ह्यानं होईल का न्हाई, डॉक्टरला बी खात्री न्हवती."

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. प्राजूला. सांगलीच्या आपल्या आक्काला."

"म्हणजे गाठ माझी, आणि मी सोडून सगळ्यांना."

"तू खचशील म्हून..."

"आणि हे टाके?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाले, "आगं, तू झोपायचीस आन् मी त्या बाटलीकडं बघत बसायचो. औषध काय फुडं सरकंना. म्हटलं, आभाळ तरी सरकू दे."

हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं असेल असं प्राजू सगळ्यांना सांगत फिरते. मला राग आला होता. खरं तर दोन राग आले होते, एक दवाखान्याच्या फाईलीतलं लपवल्याचा आणि एक कापडाचा, आणि त्यातला कापडाचा जास्त आला. फाईलीचं मला निदान संशयानं कळलं होतं. कापड माझं होतं. त्यात कुठला टाका कधी पडला हे मला पाठ असायचं, आजारातही तेवढं एकच माझ्या ताब्यात उरलं होतं, आणि तिथेही हे माझ्या पाठीमागे शिरले.

"उसवा," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता. माझ्या बोटांना जमत नाही, तुम्हीच उसवा. माझ्यासमोर."

मग आमचे सुभेदार, चष्मा नाकावर घेऊन, भर खोलीत, सगळ्या बायकांच्या आणि नर्सच्या देखत, एकेक टाका उसवत बसले. बायडाअक्कांना सलाईन चालू असताना उठून बसायची बंदी होती, तरी त्या उठल्या.

"मिल्ट्रीत असली शिक्षा असती का वो?"

"न्हाई," हे म्हणाले. "तिथं पाठीवर वजन घिऊन पळवत्यात. त्ये बरं."

खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा हसणं ऐकलं.

केबिन

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे दाराकडे बोट केलं. मी खुर्ची धरून ठेवली. "डॉक्टर, वजन मी सकाळीच केलंय. जे असेल ते आधी मला सांगा. मग मी ह्यांना सांगते."

"ताई, पेशंट घाबरतो हो. घरच्यांचीच विनंती असते."

"बाकड्यावर बसून मी जास्त घाबरते. तिथे बसून मी मनातल्या मनात स्वतःला चार वेळा मारलंय."

त्यांनी एकदा ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली. मग ते माझ्याकडे वळून बोलायला लागले. नव्या औषधानं गाठ कमी व्हायला लागली होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पावसाचं काही काढलं नाही, गावाचं नाही. म्हणून मी ते खरं धरलं.

बायांनो, एवढं करा. पहिल्याच दिवशी सांगा की मला माझं सगळं कळलं पाहिजे. आणि ज्यांना कळून घ्यायचं नसेल त्यांनी तसं स्वच्छ सांगावं, त्यातही कमीपणा नाही. पण हे ठरवायचं आपण. नवऱ्यानं, मुलीनं, नणंदेनं परस्पर ठरवायचं नाही, त्यांच्या मनात कितीही चांगलं असलं तरी.

वन्संना फोन करून मी सांगितलं की आता गोड बोलायचं बंद करा. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, मला लई जड जात होतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या भाजीला नाव ठेवलं. मला फार बरं वाटलं.

रिकामा पलंग

एका खेपेला बायडाअक्का आल्या नाहीत. नर्स म्हणाली, "त्यांची ट्रीटमेंट आता दुसरीकडे चालू आहे." बोलता बोलता तिनं त्या पलंगाची चादर सारखी केली. ती आधीच सारखी होती.

मी ह्यांना म्हटलं, "तुम्हाला काही माहीत आहे?"

ह्यांना अक्कांच्या मुलाचा फोन आलेला होता. मला दिसलं की ह्यांची मान खाली जायला निघाली. मध्येच थांबली. मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, "गेल्या. गेल्या आठवड्यात. घरीच."

मला इंजेक्शन दिलं तरी त्या दिवशी झोप लागली नाही. हे शेजारी बसून होते. मी पिशवीतून कापड काढलं आणि त्यांच्या मांडीवर टाकलं. "घाला टाके," म्हटलं. "मी बघतेय."

सलाईनची नळी मध्ये येत होती म्हणून त्यांनी कापड आडवं धरलं, डोंगर बाजूला करून. डाव्या हातानं आपल्या पद्धतीनं एक ओळ भरली. मी कापड सरळ करून बघितलं, आणि परत बघितलं. वरचे टाके उजवीकडे झुकले होते, माझ्यासारखेच. कापड पाव फेरा फिरवलं की त्यांचा डावा कल माझा उजवा होत होता. इतकं सोपं होतं, आणि आम्ही तेवढा पट्टा उसवून बसलो होतो.

निकाल

ऑपरेशन झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की घसा दुखतो आणि पहिला चहा अमृतासारखा लागतो. काढलेल्या भागाचा तपास येईपर्यंतचे दिवस वाईट. त्या दिवसांत मी दिराच्या फॅटमध्ये तीन चुका काढल्या. त्यातल्या दोन खऱ्या होत्या.

निकालाच्या दिवशी केबिनचं दार उघडलं. डॉक्टर काही बोलायच्या आत हे उठून बाहेर गेले आणि बाकड्यावर बसले. पिशवी बरोबर नेली.

डॉक्टरांनी कागद उलटला. "काय ताई, यंदा पाऊस कसा आहे तुमच्याकडे?"

मी खुर्ची पुढे ओढली. "पावसाचं राहू द्या डॉक्टर."

ते ओशाळले. मग त्यांनी सांगितलं. गाठ पूर्ण निघाली, कडेला काही उरलेलं नाही. पण काखेतल्या एका गाठीत थोडं सापडलं. म्हणून लाईट द्यावा लागेल, किरणांच्या उपचाराला आमच्याकडे तसंच म्हणतात. मग काही वर्षं गोळ्या. धोका गेला का? कमी झाला, गेला असं ते म्हणणार नाहीत. मी दोन प्रश्न विचारले आणि उठले.

बाहेर हे कापड आडवं धरून बसले होते. त्यांनी वर बघितलं. तोंड असं झालं होतं की माझ्या जिभेवर पहिलं वाक्य आलं, "सगळं ठीक आहे." अगदी तयार होतं. ते म्हणायला काहीच कष्ट पडले नसते. त्यांचं असलं वाक्य इतके दिवस मला राग आणत होतं. ते किती सहज येतं ते मला तेव्हा कळलं.

मी ते गिळलं. शेजारी बसले आणि जे ऐकलं ते ऐकलं तसं सांगितलं, काखेतल्या गाठीसकट.

ह्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. "लाईट कवापास्नं?"

"पुढच्या महिन्यात."

"बरं."

मी त्यांच्या हातातून कापड घेतलं, सरळ केलं आणि खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. आभाळ अजून वरच्या बाजूला कोरं आहे. ह्यांनी बाकड्यावर भरलेली ओळ मी बोटानं चाचपत गेले. एक टाका उलटा होता. मी त्यावर बोट ठेवलं. ह्यांनी चष्मा खाली ओढला, सुई डाव्या हातात घेतली आणि तो उसवला.